चटणीचा हलाल शिक्का आणि महेबूबचाचा

शुक्रवार, संध्याकाळ

दिवसभर हलाल प्रमाणपत्रांच्या तक्त्यात डोकं घालून बसलो. मलेशियात सरकारच हलालचा शिक्का देतं. आखाती देशांच्या मान्य संस्थांच्या याद्या निराळ्या. आपल्याकडं खाजगी संस्था, त्यातल्या कुणाचा शिक्का कुठं चालतो कोण जाणे. आमच्या कांदा-लसूण चटणीला कुणाचा घ्यायचा? चुकलं तर परदेशातली पहिलीच ऑर्डर बंदरात अडकणार.

शेवटी आबांचे जुने दोस्त महेबूबचाचा यांना बोलावून तक्ता दाखवला.

"गिऱ्हाइकालाच विचार की, त्याचा देश कुणाचं मानतो ते!"

खरंच, हे मला का सुचलं नाही? मग सहज विचारलं, "चाचा, आमच्याकडं इतकी वर्षं जेवताय. मटण कुठलं, कधी विचारलं न्हाईसा?"

"कशाला? मी येणार म्हटलं की तुझी आई लांब चालत माझ्या भावाच्या दुकानात जायची. भाऊ सांगायचा मला."

आई घरात हे कधी बोलली नाही. तसाच उठून स्वयंपाकघरात गेलो. "आई, खरं हाय हे?"

"व्हय. माणूस बिनघोर जेवाय नको?" ती भाकरी थापतच म्हणाली. "त्यास्नी जाऊ देऊ नको. तू बोलावलंयस म्हटल्यावर आजबी तितनंच आणलंय."