छातीचं निमित्त

९ फेब्रुवारी

निघालो एकदाचे! सकाळी साडेसहा. नऊ सायकली, मागून एक व्हॅन. अकरा दिवस, नऊशे किलोमीटर. सदऱ्यावर पुढे ठळक 'अवयवदान करा', पाठीवर माझ्या वर्कशॉपचं नाव – बारीक अक्षरात. नाहीतर लोक म्हणायचे, पंपांची जाहिरात करत फिरतोय.

झेंडा दाखवायला बारकी आली होती. धाकटी बहीण माझी. कालच डायलिसिस झालेलं, चेहरा पिठासारखा, तरी उभी राहिली. झेंडा हलवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "दादा, जपून हं. तुझ्या छातीचं लक्षात असू दे."

छातीचं? क्षणभर मलाच आठवेना! मग आठवलं. हसलो, हात हलवला, पायडल मारलं.

माझ्या छातीला काहीही झालेलं नाही. कधी नव्हतंच. एवढं वाक्य कुठेतरी लिहायचं होतं म्हणून ही वही घेतली आहे.

१० फेब्रुवारी

ब्याऐंशी किलोमीटर. बूड सोलवटलंय. मास्तरांच्या सायकलीचा चेन गार्ड दर फेरीला टिक् करत होता, तो पुढून न बघता सांगितला. चाळीस वर्षं पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करतोय, कान हेच माझं भांडवल. मास्तर म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक, वय सहासष्ट. बायको गेली तेव्हा दोन तासांच्या आत तिचे डोळे दिले त्यांनी. त्याबद्दल स्वतःहून बोलत नाहीत. विचारलं की सांगतात.

दोन शाळा, एक कापड गिरणी. भाषण माझं. ते मला जमतं. "मोटार जळाली म्हणून आतलं तांबं कुणी फेकून देतं का हो? मग माणूस गेल्यावर डोळे, त्वचा, किडनी – सगळा चांगला माल मातीत का घालता? वर जाताना सामान न्यायला परवानगी नाही!" हशा. फॉर्म भराभर गेले.

गिरणीच्या दारात एक कामगार बाई पुढे आली. म्हणाली, "मेल्यावरचं राहू द्या. तुम्ही जिवंतपणी काय दिलंत?"

मला गप्प बसता आलं असतं. हसून वेळ मारून नेता आली असती, तो माझा हातखंडा. पण मी म्हणालो, "माझ्या सख्ख्या बहिणीला किडनी द्यायला गेलो होतो, बाई. पण माझी छाती आड आली."

टाळ्या. त्या बाईने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "चुकलं माझं, दादा."

११ फेब्रुवारी

आजही तेच सांगितलं. आज कुणी विचारलंही नव्हतं.

१२ फेब्रुवारी

आता लिहूनच टाकतो.

गेल्या वर्षी मार्चात. बारकीच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. मेहुण्यांना साखर, ते बाद. मी म्हणालो, मी आहे ना! सगळ्यांसमोर, जेवताना, छाती ठोकून. रक्तगट जुळला, तिचं-माझं रक्त एकत्र करून बघतात तेही जुळलं, हृदय, फुप्फुसं सगळं खणखणीत. शेवटी डॉक्टरीणबाईंनी एकट्याला आत बोलावलं, दार लावलं. म्हणाल्या, "हा प्रश्न प्रत्येक दात्याला एकटं असताना विचारतो. तुमची स्वतःची इच्छा आहे? नसेल तर आम्ही बाहेर 'दाता योग्य नाही' एवढंच सांगू. कारण कुणाला सांगत नाही. तुम्हीही सांगू नका."

भीती वाटली. बस्स, कारण एवढंच. मोठं काही नाही. आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो – एक पंप चालू, एक जादा, तो जादाचा कधी कुणाला देऊ नका. नेमकं तेच डोक्यात आलं. म्हणालो, "नाही."

बाईंनी फाइल पुढे ओढली. कागदावर खूण केली, दार उघडलं.

बाहेर आलो, सगळे बघतायत. बाईंनी सांगितलं होतं, कारण सांगू नका. पण माल विकायची सवय, नुसतं 'योग्य नाही' कसं खपेल? म्हणालो, "छातीचं काहीतरी निघालंय." मलाच धीर द्यायला लागले सगळे! बारकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिने, माझ्या.

१३ फेब्रुवारी

दिवसभर समोरचा वारा. सायकल चालवणाऱ्यालाच कळतं, चढ परवडला पण वारा नको. जो पुढे असतो तो वारा खातो, मागचे त्याच्या आडोशाला. पाळी लावायची पद्धत आहे. माझी पाळी आली तर मास्तर बाजूने पुढे सरकले. "तुम्ही मागे राहा शेठ. छातीवर वारा नको."

म्हटलं, अहो, मला काही होत नाही.

"मोठेपणा नको. लहान बहिणीसाठी एवढं करताय, मला एवढं तरी करू द्या."

मी मागे राहिलो. अख्खा दिवस.

१४ फेब्रुवारी

पुन्हा वारा. पुन्हा मास्तर पुढे. त्यांचा श्वास मागून ऐकू येतो, शिट्टीसारखा. बेअरिंग कोरडं पडलं की असा आवाज येतो.

दुपारी व्हॅनच्या पलीकडे ड्रायव्हर कुणाला तरी सांगत होता, "छातीचा पेशंट म्हणे! चढावर काय सुटतो तो! असली छाती मला दे बाबा, माझी घेऊन जा." दोघे हसले. मास्तर त्यांना म्हणाले, "हसू नका. इच्छाशक्ती म्हणतात त्याला."

ड्रायव्हरचं लागलं नाही. मास्तरांचं लागलं.

संध्याकाळी हिचा फोन. "छातीत दुखत नाही ना हो?" नाही म्हटलं. दिवसभरात खरं बोललो ते एवढंच.

१५ फेब्रुवारी

मास्तर पडले.

उतारावर, साध्या उतारावर! वारा खाऊन खाऊन हात थरथरत होते, ब्रेक दाबला गेला नाही. माझ्या डोळ्यांसमोर गेले आडवे. गळपट्टीचं हाड मोडलं. व्हॅनमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर, आणि ते मला विचारतायत, "तुम्ही दचकला नाहीत ना? छातीत धडधड नाही ना?"

दवाखान्यात हात गळ्यात बांधून झाला. आम्ही दोघंच. सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका दमात.

ते पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे तीन दिवस वारा मी फुकटच खाल्ला?"

मी हसलो. ते हसत नव्हते.

"मला का सांगितलंत शेठ? मी सोपा आहे म्हणून. हाड महिन्या-दीड महिन्यात सांधेल माझं. जिचं सांधत नाही तिला सांगा जा."

१६ फेब्रुवारी

माझी मोहीम इथे संपली. बाकीचे सात जण पुढे गेले. बसने परत. टपावर दोन सायकली, शेजारच्या सीटवर मास्तर, बारा तासांत तीन वाक्यं. तिन्ही नकाशावरची.

१७ फेब्रुवारी

डायलिसिसच्या खोलीत गेलो. आठ खुर्च्या, आठ यंत्रं. बारकी खिडकीजवळची. यंत्रातला पंप फिरतो – घुर्र टक्, घुर्र टक्. चार तास, आठवड्यातून तीनदा. वर्षभर मी तिला सोडायला येत होतो, दारापर्यंत. आत कधी बसलो नव्हतो. आवाज सहन होत नाही म्हणायचो. एका पंपवाल्याला!

म्हणालो, "बारके, माझ्या छातीला काही नाही."

"माहीत आहे."

"अगं, म्हणजे मी तेव्हा आत –"

"माहीत आहे रे. त्या खोलीतून बाहेर आलास, छातीचं निघालं म्हणालास, आणि कँटीनमध्ये जाऊन बिस्किटांचा अख्खा पुडा संपवलास. उभ्या-उभ्या. जिवावरचं टळलेला माणूस खातो तसा."

मला वर बघवेना. "मग बोलली का नाहीस?"

"मागून घेतलेलं अंगी लागत नाही."

"आणि त्या दिवशी झेंडा दाखवताना –"

"म्हटलं, विसरलास की काय ते बघू." हसली! ओठ फुटलेले आहेत तिचे, हसताना दुखतं.

मग म्हणाली, "वेटोळी आठवतात?"

आठवतात. मी एकोणीस, ती बारा. पुढच्या खोलीत माझं दुकान. मी तार गुंडाळायचो, ती वेटोळी मोजायची – एकशे चाळीस, एकशे एक्केचाळीस. लोकांना आजवर सांगत आलो, शून्यातून एकट्याने उभं केलं. मोजणारी कधी सांगितलीच नाही.

"तू गप्पा मारायचास आणि मध्येच एखादं वेटोळं चुकायचं. मला कळायचं. मी बोलायचे का? गुपचूप सगळी तार उलगडायचे आणि परत एकपासून."

यंत्र वाजलं, नर्स आली. बारकीने डोळे मिटले. म्हणाली, "आता बस तरी. उभा काय राहिलायस वसुलीवाल्यासारखा!"

बसलो. चार तास.

१८ फेब्रुवारी

हिला सांगितलं. पोळी लाटता लाटता थांबली. "गावोगाव सांगत फिरलात, लोका सांगे ब्रह्मज्ञान!" पोळी करपली, तीच मला वाढली.

३ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हटलं, मी द्यायला तयार आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, फाइल काढली. सगळ्या तपासण्या पुन्हा. बारा नळ्या रक्त.

गिरणीच्या मॅनेजरला फोन करून त्या बाईपर्यंत निरोप पोचवला – मी खोटं बोललो होतो, तुमचं काही चुकलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "कोणती बाई?" नाव कुठे विचारलं होतं मी!

१९ मार्च

जुळत नाही.

आता खरंच जुळत नाही. बाईंनी समजावून सांगितलं. वर्षभरात बारकीला तीनदा रक्त चढवावं लागलं. परक्या रक्ताने तिच्या अंगात प्रतिकार तयार झाला, तो आता माझ्याही रक्ताला नको म्हणतो. माझी किडनी बसवली तर तिचं शरीर ती फेकून देईल.

विचारलं, "गेल्या वर्षी दिली असती तर?"

बाई म्हणाल्या, "गेल्या वर्षीचा रिपोर्ट तुम्ही पाहिलेला आहे."

पण ते सांगण्यासाठी आज वही उघडलेली नाही. 'जुळत नाही' हे शब्द आले आणि माझा श्वास सुटला. मोठा, सैल. सुटकेचा. माझे कान तिखट – मीच ऐकला तो. आणि बारकी शेजारी बसली होती. वेटोळी मोजणारी.

तिने पर्समधून रुमाल काढून मला दिला. मला घाम फुटला होता.

२० मार्च

वर्कशॉपला गेलो नाही.

२४ मार्च

मास्तरांकडे. डाव्या हाताने चहा केला त्यांनी. श्वासाचं सांगितलं. म्हणाले, "श्वास कुणाच्या हातात असतो का? आमची ही गेली तेव्हा फॉर्मवर सही करताना मीसुद्धा आधी नाही म्हणालो होतो. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांचं मीही कुणाला सांगत नाही."

८ एप्रिल

बाईंचा फोन. दुसरं एक घर आहे – आई आजारी, मुलगा द्यायला तयार, पण त्याचं आईशी जुळत नाही. त्याची किडनी बारकीला चालते. माझी त्याच्या आईला. दोघांची एकाच दिवशी, एकाच वेळी. मी मागे हटलो तर तोही हटणार.

नाव सांगत नाहीत. मी कुणाला देणार, मला कळणार नाही. पंचवीस भाषणांत सांगून आलो, अनोळखी माणसाला द्या. ते मेल्यावरचं होतं! आता फोन ठेवून तासभर तसाच बसलोय. भीती होती तशीच आहे, कुठे गेलेली नाही.

बारकीला कळवलं. "तू ठरव," म्हणाली. परत एकपासून.

१६ एप्रिल

तीच खोली, तीच खुर्ची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुन्हा विचारावं लागतं. नाही म्हणालात तरी बाहेर कुणाला कळणार नाही." आणि दार लावायला उठल्या.

म्हटलं, "बाई, दार उघडंच राहू द्या."

बाहेर बाकावर बारकी. मांडीवर बिस्किटांचा पुडा, अजून न फोडलेला.