जास्तीच्या दोन पोळ्या

४ जानेवारी २०२५
दिल्लीहून नकार आला. फाशीविरुद्धचं शेवटचं अपील होतं. गजेंद्रला जेलरनं परवा वाचून दाखवलं — दयेच्या अर्जाला तीस दिवस. तो सही करत नाही. वकील जगदेवराव म्हणाले, "काकू, आईलाही अर्ज करता येतो. पण त्याची स्वतःची सही असली तर जोर येतो."

फतेगंजच्या घरातली ती तीन माणसं माझ्या मुलानंच मारली. निकाल मी शब्दकोश घेऊन वाचलाय, पानन् पान. गजेंद्रचे वडील वाचायला नव्हते, बरं झालं. मला आता कुणी फसवू शकत नाही. मी स्वतःसुद्धा.

११ जानेवारी
मुलाखत. काचेपलीकडे फोन कानाला लावून बसला. सहा वर्षांपूर्वी हा घर डोक्यावर घ्यायचा. आता खोकण्याआधी शिपायाकडे बघतो. लांबचं नीट दिसत नाही म्हणाला — समोर कायम भिंत, डोळ्यांची सवयच गेली. 'उद्या' म्हणत नाही. गालफडं बसलीत. सहीचं काढलं तर फोन खाली ठेवला.

१८ जानेवारी
जेवतोय! दोन पोळ्या जास्त मागून घेतो. म्हणाला, अंग भरलेलं दिसतं का? दिसतं. जगायचं नसेल तर कोण मागून खातं! सही तोच करेल आता. जगदेवरावांना कळवलं, माझी नको, थांबा.

१९ जानेवारी
दत्तासमोर साखर ठेवली.

२५ जानेवारी
वजन केलं त्याचं. तीन किलो वाढलं. खूश होता. मी म्हटलं, मग कर ना सही. हसला — लहान मुलाला समजवावं तसा. बराकीत कुणीतरी सांगितलंय त्याला, हलका माणूस दोरावर तडफडतो, जड असला की लगेच संपतं.

"तू काळजी करू नको आई. आता मला त्रास नाही व्हायचा."

शिपाई गुजरातीत म्हणाला, "बा, टाइम थयो." वेळ संपली.

२७ जानेवारी
अर्जावर मी सही केली. त्याला विचारलं नाही.

१ फेब्रुवारी
अर्जाचं कळल्यावर गजेंद्रनं मुलाखत नाकारली. तशीच जगदेवरावांकडे गेले. उत्तर कधी येईल, विचारलं.

"सांगता येत नाही, काकू. चार-पाच वर्षंही जातात."

तोवर तो त्याच भिंतीसमोर, रोज दोराची वाट बघत. हे मी आधी विचारायला हवं होतं.