घासलेल्या छपराची हकीकत

विसरभोळ्या धाकट्या भावाला थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. माझ्या गुडघ्याची तू इतकी काळजी केलीस की डोळे भरून आले. बाबा, माझा खांदा दुखतो. गुडघा तुझ्या बायकोचा दुखतो. ती तुझ्याच घरात राहते, जाता-येता विचारत जा. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, म्हणजे आठ दिवसांपूर्वीपर्यंत होतो. हे पत्र सून लिहून घेते आहे. पोराला बसवलं असतं, पण नवरा-बायकोचं बोलणं बंद आहे आणि तो तोंड पाडून बाहेर बसलाय. (लिही गं, घरातलीच गोष्ट आहे.)

सून हौसेची लहान घरं करते, हे तुला दोनदा कळवलंय, म्हणजे तुला ठाऊक नसणार. खोक्याएवढं घर, पण खिडकीला कडी नि दाराला उंबरा. आता एका सिनेमावाल्याने पत्र्याच्या छपराचं घर सांगितलंय. पसंत पडलं तर वर्षभराचं काम हिलाच. पोरीने थंड पेयांचे रिकामे डबे कापले, माझ्या विणायच्या सुया एकीला एक चिकटवल्या (विचारलं नाही, ते असो) आणि त्यांवर दाबून दाबून पन्हळी पाडल्या. तळहाताएवढे बावीस पत्रे, चांदीसारखे! मी स्वतः मोजले. मला वीसपर्यंतच येतं, वरचे दोन वेगळे ठेवले.

मग महिनाभर मी लेकीकडे राहिले. परत येऊन बघते तर गच्चीत तेच पत्रे तांबडे पडलेले, रंगाचे पोपडे सुटलेले. माझ्या पायांखालची जमीनच सरकली. वाटलं, पोराने पावसात विसरले. (मामाचा गुण भाच्यात उतरायचाच.)

संध्याकाळी सून आली, गच्चीत गेली आणि किंचाळली. मी धावले. पत्रे लखलखीत होते आणि ती डोक्याला हात लावून खाली बसली होती. तेव्हा कळलं की तो गंज तिने मुद्दाम आणला होता! ओल्या रंगावर मीठ भुरभुरायचं, वर दुसरा रंग द्यायचा, वाळला की मीठ खरवडायचं. शिवाय व्हिनेगरमध्ये लोखंडी घासणी आठवडाभर कुजवून तेही पाणी वर. अरे, आपल्या आईचे हात गंज काढता काढता सोलवटले, आणि ही तीन आठवडे राबून गंज कमावते! नव्याचं जुनं करून देणाऱ्याला काम मिळतं. मी आयती जुनी आहे, मला कोणी विचारत नाही.

आळ आला पोरावर, कारण आदल्याच दिवशी तो म्हणाला होता, "घराचं भंगाराचं दुकान केलंस." सून म्हणाली, "तूच घासलेस." तो म्हणाला, "अगं, मी माझी ताटली घासत नाही, तुझे पत्रे कशाला घासू?" इतका सज्जड पुरावा, पण तिला पटेना. तेव्हापासून अबोला. तिने पुन्हा गंज चढवला, पण घाईत सगळीकडे सारखाच, विटकरीचा लेप दिल्यासारखा. परवा सिनेमावाला येणार.

तर धाकट्या, कान उघडे ठेव. पत्रे मी घासले. भांड्यांची पावडर, लिंबू, तारेची घासणी. एकेक. तिचं काम बुडू नये म्हणून. आणि आठ दिवस गप्प बसले.

(लिही गं. पेन का थांबलं? बोलले तेच लिही.)

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता माझी रवानगी तुझ्याकडे. पण ती परत आली, पत्रे माझ्यापुढे मांडले आणि म्हणाली, "आता तुम्हीच सांगा." बघितलं आणि सांगितलं. मी चाळीस वर्षं पत्र्याखाली काढली आहेत. गंज खिळ्यापाशी धरतो आणि पाण्याच्या वाटेने खाली ओघळतो. पत्र्यावर पत्रा चढतो तिथे आत कोरा राहतो. आणि एक पत्रा कायम नवा असतो, कारण एक कधीतरी उडालेलाच असतो. आता ती माझं बोट रंगात बुडवून ओघळ काढून घेते आहे. अंगठा सोडून दुसरं बोट रंगवायची माझी पहिलीच वेळ.

ता. क. हे पत्र खरं तर तुझ्यासाठी नव्हतंच. तोंडावर सांगायला जीभ रेटेना. तुला सांगितलं, म्हणून तिला लिहावं लागलं. उत्तर नको, तू विसरशीलच.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात सिनेमावाला येऊन गेला. वाकून, डोळा मिटून बघितलं. विचारलं, "हा एकच पत्रा चकचकीत का?" सून म्हणाली, "त्या घरात एक सासू राहते." तो हसला, काम पक्कं. हे घर तो सिनेमातल्या वादळात उडवणार आहे म्हणे! मी अजून सावरते आहे.

ता. क. ३. झाडाचे पेरू पाठव. पिकलेले, मला दात नाहीत. आणि पोराचे वेगळे बांध, चांगले दोन डझन. आठ दिवस बिचाऱ्याने माझ्या वाटची बोलणी खाल्ली आहेत.