हिरवी खूण

४ मे
नरडाण्याच्या ऑफिसात रुजू झाले! बाहेर ऊन नुसतं भाजून काढतंय आणि माझ्या स्क्रीनवर दक्षिण ध्रुवाचा बर्फ. तिथल्या कॅमेऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत टिपलेली पेंग्विनची पिल्लं आम्ही नोंदवायची. जिवंत असेल तर हिरवी खूण, मेलं असेल तर लाल. पिल्लं उपाशी मरताहेत असं दिसलं तरच तिथली मासेमारी थांबवतील, असं आमचे साहेब अर्पितभाऊ म्हणाले. धुळ्याहून मम्मीने फोनवर चिडवलं, विधी, जैनांची पोर आता मासे वाचवणार का! झाडलोट करणाऱ्या बेबाबाईही जांभळ्या पातळाचा पदर खोचून माझ्या खुर्चीमागे उभ्या. पिल्लं बघून त्यांचं हसू थांबेना.

८ मे
आज मेलेली पिल्लं आली. ओली, एकमेकांना चिकटलेली. मुंगी दिसली तरी पाय मागे घ्यायला शिकलेली मी. माझ्याने एकाही जिवाला मेला म्हणवेना. बेबाबाई म्हणाल्या, झोपेल शेतस बिचारा. झोपलीत असं धरून मी सगळ्यांना हिरवी खूण केली. लबाडी आहे, कळतंय. पण बरं वाटलं.

१२ मे
ऑफिसात माशांचा वास. इथे कुणी मासे आणत नाही. फरशीवर तीन बोटांची ओली पावलं. अर्पितभाऊ म्हणतात, एसी गळतोय. वरून निरोप आला, पिल्लं सुखरूप दिसताहेत, मासेमारी चालू राहील. माझ्यामुळे.

१५ मे
बेबाबाई आल्या नाहीत. त्यांची बादली जिन्यात, आतलं पाणी गोठलेलं. या उन्हात!
टेबलाखाली कुणीतरी चोच घासतंय. भूक लागली असेल. जिवंत म्हटलं ना मी त्यांना —

१६ मे
नवा फोटो. पिल्लांच्या घोळक्यात कुणीतरी आडवं पडलंय. जांभळं पातळ. बेबाबाई. डोळे उघडे, त्यांवर बर्फ.
खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लालच करायला हवी होती. मला रडू फुटलं, मेल्या म्हणवेना — हिरवी केली.

१६ मे, दुपार
अर्पितभाऊ जेवायला गेलेत. मी एकटी. जिन्यात बांगड्या वाजल्या. मागोमाग ओली पावलं, पुष्कळ —
दाराबाहेर बेबाबाई आहेत. आवाज त्यांचाच. पुन्हा पुन्हा तेच विचारतात, "ताई, मी जित्ती शे ना?"
कडी थंडगार झालीय. हो म्हटलं तर आत येतील. आणि नाही म्हटलं तर मीच त्यांना —