निगेटिव्ह, तुमचं की आमचं?

३ मार्च

वहिनीचा फोन. नुसती ओरडतेय – "वन्सं, निगेटिव्ह आलं! निगेटिव्ह!" दादाच्या पित्तनलिकेतल्या गाठीची तपासणी. मी आपलं "हो का, वा!" म्हणून फोन ठेवला. वीस वर्षं लॅबमध्ये पेशींच्या काचपट्ट्या रंगवतेय, आणि खरं बोलायला तोंड उघडेना. भित्री कुठली!

४ मार्च

दादाचा नमुना मुद्दामच माझ्याकडे दिला नव्हता. आज लपून काचपट्टी पाहिली. पेशींना आवर घालणारं एक जनुक असतं. त्याचं प्रथिन असेल तर पेशी तपकिरी दिसते, नसेल तर निळी. निगेटिव्ह म्हणजे रोग नाही असं नव्हे – आवर घालणाराच गायब!

वाटलं, रंगच नीट चढला नसेल. देवा, तेवढं असू दे. पण शेजारच्या धडधाकट पेशी छान तपकिरी. गाठ तेवढी निळी.

५ मार्च

सांगून टाकलं. वहिनीचा चेहरा बघवेना. "मग निगेटिव्ह कशाला लिहितात मेले?"

दादा म्हणाला, "वॉचमन पळालाय म्हण की सरळ! तुमचं लॅबवाल्यांचं निगेटिव्ह वेगळं आणि आमचं वेगळं होय?" हसलो तिघंही. मग वहिनी आत जाऊन रडली.

२ एप्रिल

दादाच्या रक्ताचा रिपोर्ट. त्या जनुकाच्या दोन प्रती असतात. दादाची एक जन्मापासूनच बिघडलेली, दुसरी गाठीतल्या पेशींतून नाहीशी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईवडिलांपैकी एकाकडून आलंय, बहिणीलाही असण्याची शक्यता निम्मी. मीही रक्त देऊन आले.

दादानं स्वतःबद्दल एक अक्षर विचारलं नाही. "माझ्या बहिणीला नको असायला, बस." सारखं तेच. लिफ्टमध्ये माझा कान धरला – पन्नाशीच्या बाईचा! "रिपोर्ट आला की आधी मला सांगायचं. आणि खरं सांगायचं."

११ एप्रिल

केमोनंतर दादाला उलट्या. वर मलाच विचारतो, "आला का तुझा?"

३० एप्रिल

आला. मलाही आहे.

दादाला फोन केला. म्हटलं, निगेटिव्ह! हुंदके देऊन रडला. मग एकदम थांबला. "कुठलं गं निगेटिव्ह? तुमचं की आमचं?"

"तुमचं रे," म्हटलं.