तुला सांगावं लागायचं

आई,

घरातली सगळी माणसं खडेबाजारात गेलीत. दिवाळीची कापडं घ्यायची आहेत. पाय दुखतात म्हणून मी मागं राहिले, आणि पाय दुखतात हे खोटंही नाही. पण त्याहून जास्त मला माणसांचा शीण आलाय. गेले काही दिवस थोरली सून गप्प आहे. कुणी काही बोललं का, माहेरची आठवण येते का, की नुसतं अंग मोडून आलंय, काही कळत नाही. मुलगा तिच्या तोंडाकडं बघतो, मी मुलाच्या तोंडाकडं बघते, आणि हे आम्हा तिघांकडं बघत पान लावत बसतात. विचारत कुणीच नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी हेच करत आले. सासूबाईंच्या कपाळावरची आठी, सासऱ्यांचं खाकरणं, ह्यांचं ताट बाजूला सारणं, प्रत्येकाचा अर्थ लावायचा. यंदा स्वराज्य आलं, पण हे काम काही सुटलं नाही. म्हणून आज तुझ्याशी बोलावंसं वाटलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुझा आवाज आठवायला आता मला हातातलं काम ठेवावं लागतं.

निपाणीच्या घरातली, पहिली तू, मला तुकड्यातुकड्यानं आठवतेस. आप्पा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. संध्याकाळी ते दारात चपला काढायचे, आणि त्या आवाजावरनं तू चुलीपुढनंच सांगायचीस की आज मालकाशी वाजलंय, कुणी त्यांच्या वाटेला जाऊ नका. ते खरं निघायचं. गल्लीतल्या बायका तुझ्याकडं येऊन नुसत्या बसायच्या. त्या काही सांगायच्या नाहीत, तूही काही विचारायची नाहीस, आणि थोड्या वेळानं त्यांचं त्यांनाच रडू यायचं. मी शाळेत मार खाऊन आले तर पाटी खाली ठेवायच्या आत तुला समजायचं. मला वाटायचं, आया अशाच असतात.

मग काकतीचं ते बारसं. मामाचा पहिला मुलगा, म्हणून आपण दोघी गेलतो. परतताना गाव सुटतंय न सुटतंय तोच समोरनं मोटार आली. तेव्हा मोटारी क्वचित दिसायच्या. बैल बुजले, गाडी रस्ता सोडून चरात गेली. मी गवतावर पडले, मला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. तू दगडावर पडलीस, डोक्यावर. मामानं दुसरी गाडी जोडून तुला बेळगावच्या इस्पितळात नेलं. तिथं किती दिवस तू डोळे मिटून पडून होतीस, मला आठवत नाही. पायाशी बसून बसून माझी पाठ दुखायची एवढं आठवतं. एका सकाळी तू डोळे उघडलेस. तिथल्या बाईनं कानडीत "हेसरु एनु?" म्हणून नाव विचारलं, आणि तू नाव सांगितलंस, कानडीतच. मामानं हात जोडले, आप्पांनी साखर वाटली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण डोक्याला आतनं मोठा मार आहे, काय परत येईल आणि काय येणार नाही हे मला सांगता यायचं नाही. आम्ही त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं.

आणि पहिल्यांदा वाटलं, सगळंच परत आलं. तू चालायला लागलीस, भाकरी थापायला लागलीस, सगळ्यांची नावं, नाती, सणवार तुला पाठ होते. आत्ती, आप्पांची थोरली बहीण, आपल्या मदतीला येऊन राहिली होती. एकदा आमटी खारट झाली तेव्हा ती कुचकेपणानं म्हणाली, "अजून घाल की मीठ." तू उठलीस आणि घातलंस. आत्तीला वाटलं तू तिची टर उडवतेस. तसं काही नव्हतं. समोरची तरुण बाई विधवा झाली, तिला भेटायला आपण गेलो. सगळ्या बायका खाली मान घालून बसलेल्या, आणि तू म्हणालीस, "तुमचे मालक अंगानं मोठे होते, लाकडं लई लागली असतील." मी तुला हाताला धरून बाहेर आणलं. वाटेत तू मला विचारत होतीस, की यात खोटं काय बोलले. खोटं काहीच नव्हतं. हळूहळू गल्लीतल्या बायका यायच्या बंद झाल्या. त्या तुला वेडी म्हणायच्या, पण वेडी माणसं हिशेब विसरतात, रस्ता विसरतात. तू काही विसरत नव्हतीस. समोरच्या माणसाच्या आत काय चाललंय, एवढंच तुला दिसेनासं झालं होतं. ज्याच्यात तू सगळ्यांत हुशार, नेमकं तेच.

मला शाळेतनं काढलं तो दिवस. आत्तीनं ठरवलं, आप्पांनी मान हलवली. घरात कामाला माणूस हवं होतं. मी तुझ्यासमोर उभी राहून रडतेय. तू चुलीपुढनं बघतेस आणि विचारतेस, डोळ्यात काय गेलं. मी म्हणते, काही गेलं नाही. तू बरं म्हणतेस आणि भाकरी उलटतेस. माझ्या आतलं काहीतरी तेव्हा थकून खाली बसलं. मी आवाज चढवला नाही. एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आई, मला वाईट वाटतंय. माझी शाळा सुटली म्हणून वाईट वाटतंय."

तू भाकरी तव्यावरनं काढलीस, हात पुसलेस. "व्हय? मग सांगायचं गं. मला कळत न्हाय आता." मग तू विचारलंस, "तुला वाईट वाटलं की आधी मी काय करत होते?"

मी सांगितलं, जवळ घ्यायचीस, डोक्यावरनं हात फिरवायचीस. तू तसं केलंस. मला जवळ ओढलंस आणि हात फिरवत राहिलीस, कपाळापासून मानेपर्यंत, पुन्हा कपाळापासून मानेपर्यंत, एकाच लयीत. मी पुरे म्हणेपर्यंत तू थांबली नाहीस. तो हात तुझा होता की मी शिकवला म्हणून फिरत होता, यावर मी पुढं पुष्कळ विचार केला. त्या वेळी नाही. त्या वेळी मी डोळे मिटून घेतले होते.

त्यानंतर आपलं दोघींचं तसंच ठरून गेलं. मला राग आला की मी सांगायची राग आलाय, भीती वाटली की भीती वाटते. तू प्रत्येक वेळी विचारायचीस, मग मी काय करू, आणि मी सांगायची. कधी काहीच करू नको म्हणायची. लहान वयात आईला आई व्हायला शिकवणं, आणि तेही रोज नव्यानं, यात फार दमायला व्हायचं. आप्पांना तर हे अजिबात जमलं नाही. ते वखारीतनं आले की तू विचारायचीस, राग आलाय का, दमलाय का. ते काही नाही म्हणायचे. तू काही नाही असंच धरून चालायचीस, आणि ते उठून ओट्यावर जाऊन बसायचे.

आत्ती हे बघत होती. तिच्या मनात वाईट नव्हतं. भावाचे हाल तिला बघवत नव्हते. पहिली बायको असताना दुसरी करणं तेव्हा कुणाला जगावेगळं वाटत नसे. तिनं खानापूरकडचं एक स्थळ काढलं. मुलीचे वडील आणि चुलते एका सकाळी घरी आले. तू हौसेनं पोहे केलेस. तुला वाटलं, तंबाखूच्या कामाला आलेत. आत्ती हळू आवाजात बोलतेय, पाहुणे तुझ्यावरची नजर चुकवतायत, आप्पा जाजमाची किनार बोटानं उसवतायत, आणि तू वाढतेस, अजून घ्या म्हणतेस. त्या खोलीत एकट्या तुला माहीत नव्हतं. तू आत आलीस तेव्हा मी तुझा पदर धरला आणि सांगितलं, आप्पांचं दुसरं लग्न ठरवायला आलेत ते.

तू हात धुतलेस, पदर सारखा केलास आणि बाहेर जाऊन पुरुषांच्या बैठकीत जाजमाच्या कडेला बसलीस. मी दाराआडनं बघतेय.

"माझ्या जागी दुसरी आणताय असं लेक सांगती," तू म्हणालीस. "मला माणसाच्या तोंडावरचं दिसत न्हाय, म्हणून विचारते. खरं हाय का?"

आत्ती तुला आत न्यायला उठली. तू तिचा हात बाजूला केलास, रागानं नाही, मधे आलेली वस्तू सरकवावी तसा. मग आप्पांकडं वळलीस.

"तुम्हाला काय वाटतंय ते तोंडानं सांगा. सांगाल ते मी खरं धरीन."

आप्पांना ठाऊक होतं की तू खरंच धरशील. त्यांनी जा म्हटलं असतं तर तू गाठोडं बांधून काकतीला गेली असतीस, आणि वाटेत रडलीही नसतीस. त्यांनी जाजमाची किनार सोडली. मग खाली बघूनच म्हणाले, "तू समोर असतीस, आणि मला लई एकटं वाटतं."

"व्हय," तू म्हणालीस. "मग मी काय करू?"

पाहुण्यांना तो टोमणा वाटला असेल. आम्हा दोघांना माहीत होतं की तू खरोखर विचारतेस. आप्पा रडायला लागले. तू दाराकडं, माझ्याकडं बघितलंस. मी म्हटलं, रडतायत. तू म्हणालीस, ते दिसतंय, कशानं ते सांग. मला ते सांगता आलं नाही. मुलीचे वडील उठले, पोहे अर्धे टाकून. दारात आत्तीला एवढंच म्हणाले, "ही बाई घरात असताना माझी पोरगी इथं यायची न्हाय." ते कणवेनं म्हणाले की भीतीनं, मला अजून कळलेलं नाही. आत्ती त्याच आठवड्यात आपल्या गावी गेली आणि पुष्कळ दिवस आमच्याशी बोलली नाही.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. आप्पांनी दुसरं लग्न केलं नाही, आणि ते सुखीही झाले नाहीत. पण संध्याकाळी ते चुलीपुढं पाट घेऊन बसायला लागले. आज मालक सगळ्यांदेखत बोलला, मला लाज वाटली, असं सांगायचे, शाळकरी मुलानं धडा म्हणावा तसं. तू विचारायचीस काय करू. ते म्हणायचे, काही नको, ऐक. तू ऐकायचीस. काही दिवस त्यांना तेवढंही जमायचं नाही, मग ते वखारीतच पडून राहायचे. लग्न होऊन मी बेळगावला निघाले, तेव्हा सगळ्या बायका डोळ्याला पदर लावून उभ्या. तू माझ्या कानाशी येऊन विचारलंस, आता रडायचं असतंय न्हवं? मी हो म्हटलं. "तुला रडलेलं पाहिजे का?" मी नको म्हटलं. तू कोरड्या डोळ्यांनी उभी राहिलीस आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत होतीस. लोक त्यावर खूप बोलले म्हणे.

तू तापानं गेलीस तेव्हा मी बाळंतपणात अडकलेली. उशिरा पोचले. भेटायला येणारी माणसं म्हणत होती, सुटका झाली. तुझी की आप्पांची, ते कुणी स्पष्ट केलं नाही. सगळे गेल्यावर आप्पा मला म्हणाले, "आता कुणाला सांगू गं?" पुढं ते जगले तोवर त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही.

अजूनही निपाणीकडचं कुणी भेटलं की हळहळतं, काय बाई होती तुझी आई, माणसाचं मन ओळखायची, आणि काय झालं. मी मान हलवते. मलाही तसंच वाटतं असं त्यांना वाटू देते. हे पत्र कुणाला द्यायचं नाही, तुझ्यापर्यंतही ते पोचायचं नाही, म्हणून लिहून टाकते. ते ज्या आईसाठी हळहळतात, तिची मला आता फारशी आठवण येत नाही. मला हवी असते ती दुसरी, जिला काही कळत नव्हतं आणि जी विचारायची.