चौदा नंबर

देवळा,
१० नोव्हेंबर २०२५

चि. तेजस्विनी हिस भिमाजीकाकाचे अ. उ. आ.

फोनवर तोंडून काही वेडंवाकडं निघेल, म्हणून लिहितो. तुझ्या सासरकडून लग्नात वाजवायच्या गाण्यांची यादी मोबाईलवर आली. चौतीस गाणी. बँडची आम्ही बारा माणसं मारुतीच्या पारावर बसलो आणि गेणूमामांनी एकेक चाल ऐकून वहीत उतरवली. शब्दांकडे आम्ही लक्ष देत नाही. पण चालीसुद्धा अशा, की शिळ्या भज्यांचं तेल घशाशी यावं. तेही गिळलं. नवरदेवाची मिरवणूक आहे, म्हटलं.

चौदा नंबरला मात्र देवाच्या आरतीची चाल आहे, खाली धबाधबा ठेका घातलेली. पिऊन आलेली माणसं तिच्यावर नाचणार! मला किळस आली. क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवली. ते गाणं मी वाजवणार नाही.

एक छोटीशी चाल तेवढी दर पाच-सहा गाण्यांनी पुन्हा येते. गेणूमामांनी ती सहा वेळा लिहिली. साऱ्या यादीत तीच एक सोज्वळ. तुझ्या सासूबाईंनी सांगितली असणार. त्यांना नमस्कार कळव.

काका रागावला तरी तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा काका,
भिमाजी


अंबड,
१५ नोव्हेंबर २०२५

ती. भिमाजीकाकांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र कंपनीत डबा खाताना उघडलं आणि मला ठसकाच लागला. काका, ती सोज्वळ चाल सासूबाईंची नाही. संडास घासायच्या औषधाची जाहिरात आहे ती! ॲप फुकट ऐकणाऱ्यांना गाण्यांच्या मधेमधे जाहिराती ऐकवतात. गेणूमामांना सांगा, सहाही ठिकाणी खोडा.

चौदा नंबरचं मी बोलून पाहिलं. यादी हर्षलच्या मावसभावाने, शेखरने केली आहे. तो म्हणाला, बँडवाल्यांनी फुंकायचं, निवडायचं नाही. जमत नसेल तर तो डीजे आणतो. हर्षल मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. मला दोघांचीही शिसारी आली. पण लग्न पंधरा दिवसांवर आलंय.

लहानपणी मी तुमच्या ढोलाच्या खोळीत झोपायचे. तेव्हा तुम्ही कबूल केलं होतं, तेजूच्या लग्नात दुसऱ्या कोणाचा बँड लागणार नाही. एकच गाणं, काका. डोळे मिटून वाजवा.

पेटीतली क्लॅरिनेट काढाल तेव्हा आठवण असू द्या.

तुमची,
तेजू


देवळा,
३ डिसेंबर २०२५

चि. सौ. तेजस्विनी हिस अ. उ. आ.

मिरवणुकीत काय घडलं, ते तुला माझ्याकडूनच कळावं. तू तेव्हा लॉन्सच्या आत खोलीत होतीस.

फाटकापाशी शेखरराव जीपच्या बॉनेटवर चढले आणि चौदा नंबर, चौदा नंबर म्हणून ओरडू लागले. वास माझ्यापर्यंत येत होता. मी गेणूमामांकडे पाहिलं. म्हाताऱ्याने वहीतली खोडलेली ओळ उघडून माझ्यापुढे धरली. ढोलाने ठेका चौदा नंबरचाच धरला आणि वर आम्ही ती संडासाची चाल सोडली.

कोणाला काही कळलं नाही. शेखररावांनी डोळे मिटले, हात जोडले, देवाचा जयजयकार केला आणि घाम निथळेपर्यंत नाचले. खाली उतरून माझ्या पाया पडले. हर्षलराव घोड्यावर बसून मान डोलावत होते. दोनदा पुन्हा वाजवायला लावलं. परत येताना टेम्पोत आमची पोरं पोट धरून हसली. मी क्लॅरिनेट पुसत बसलो. नाचणाऱ्यांना फरक कळला नाही म्हणून रागवावं, तर पारावर बसून त्याच चालीला सोज्वळ म्हणणारा मीच होतो.

हळदीच्या सकाळी आपल्या दारी देवक बसवताना मी एकट्याने, ठेक्याशिवाय, एक चाल वाजवली होती, आठवते? मांडवात तू, तुझी आई आणि अंगण झाडणारी सरुबाई. गेणूमामा पलीकडे चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि पायातल्या चपला काढल्या.

तुझा चौदा नंबर तेव्हाच वाजून झाला होता. कबूल केल्याप्रमाणे. सासरी मात्र सांगू नकोस.

नव्या घरात रमलीस तरी काकाच्या वाट्याचा लोभ बाजूला काढून ठेव.

तुझा,
भिमाजीकाका